अनुक्रमांक, खंड व पृष्ठ

मीरा रोडला किंवा भाईंदरला कर्ज काढून घर घेतलेल्या कुठल्याही कुटुंबाची फाइल उघडा. करारनाम्याच्या जाड गठ्ठ्यावर पानोपानी 'टनन'चा शिक्का असेल, आणि त्याच्या जोडीला एक सुटं पान असेल: सूची क्रमांक दोन. बँकेत, सोसायटीच्या ऑफिसात, एजंटांच्या तोंडी त्याचं नाव 'इंडेक्स टू'. या पानाचे रकाने मला पाठ आहेत. विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, मग भूमापन, पोटहिस्सा व घरक्रमांक, मग क्षेत्रफळ. सहाव्या रकान्यावर 'आकारणी किंवा जुडी देण्यात असेल तेव्हा' असं छापलेलं असतं. जुडी म्हणजे इनाम जमिनीवरचा हलका सारा. सातव्या मजल्यावरच्या वन बीएचकेला जुडी नसते, म्हणून तिथं आकडा येत नाही, पण रकाना जागेवर असतो. त्यापुढे लिहून देणार, लिहून घेणार, तारखा, आणि अकराव्या रकान्यात 'अनुक्रमांक, खंड व पृष्ठ'.

मी एका सहकारी बँकेचा डेटाबेस सांभाळते. माहिती आपल्याकडे आहे, मग ती सापडायला इतका वेळ का लागतो, हा प्रश्न माझ्या टेबलावर रोज येतो. तरुण सहकाऱ्यांना वाटतं की हा प्रश्न संगणकाबरोबर आला. त्याचं पहिलं भक्कम उत्तर मला त्या अकराव्या रकान्यात दिसतं, आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे.

दस्तांची सक्तीची नोंदणी आपल्याकडे १८६४ च्या कायद्यानं सुरू झाली. १८६६, १८७१ आणि १८७७ चे कायदे ओलांडून ती १९०८ च्या नोंदणी कायद्यात स्थिरावली, आणि तोच कायदा आजही चालू आहे. त्याच्या ५१ व्या कलमात पुस्तकं नेमून दिली आहेत. पुस्तक १ स्थावर मिळकतीच्या दस्तांचं, २ नोंदणी नाकारल्याच्या कारणांचं, ३ मृत्युपत्रांचं आणि दत्तकाच्या अधिकारपत्रांचं, ४ किरकोळ दस्तांचं. ५३ वं कलम सांगतं की नोंदींना ओळीनं क्रमांक द्यावेत, वर्षाअखेर ती मालिका संपवावी आणि नव्या वर्षी नव्यानं सुरू करावी. म्हणजे पुस्तक १ मध्ये दस्त जसा आला तसा चढतो. उत्तनच्या वाडीचं खरेदीखत, त्याच्यामागे कळव्याच्या घराचं गहाणखत, त्याच्यामागे काशीगावच्या भातशेतीचं वाटपपत्र. लिहिणाऱ्याला याहून सोपी पद्धत नाही. शेवटचं पान काढायचं आणि लिहायचं. शोधणाऱ्याला मात्र सगळं पुस्तक चाळण्याशिवाय गत्यंतर नाही.

म्हणून ५५ वं कलम. त्यात पुस्तक १ साठी दोन सूच्या ठरवल्या आहेत. पहिली नावांची, लिहून देणाऱ्यांची आणि लिहून घेणाऱ्यांचीही. दुसरी मिळकतीची. दोन्हींत शेवटी तेच: अनुक्रमांक, खंड, पृष्ठ. सूचीत सापडलं की पुस्तकाचं नेमकं पान उघडायचं.

दोनच सूच्या का, हा विचार मी पुष्कळदा केला आहे. त्या पुस्तकाला कितीतरी प्रश्न विचारता आले असते. अमुक महिन्यात गहाणखतं किती झाली, हजार रुपयांवरचे व्यवहार कोणते, कोणत्या साक्षीदारानं किती दस्तांवर सही केली. यांपैकी कशासाठीही सूची नाही. कारण ५४ वं कलम कारकुनाला बांधून घेतं: दस्त नकलून झाला की शक्य तितक्या लगेच सूचीत नोंद करायची. दर सूचीमागे दर दस्ताला आणखी एकदा हात चालवायचा. कायदा लिहिणाऱ्यांनी लोक कोणत्या दोन वाटांनी विचारायला येतील ते ओळखलं, त्या दोन वाटांचा खर्च सोसला, आणि बाकीच्यांसाठी पुस्तक चाळायची तयारी ठेवली. माझ्या मते हा आपल्या देशातला एक अतिशय शहाणा तांत्रिक निर्णय आहे, आणि त्याचं श्रेय कुणी देत नाही. कुणाला काय बघू द्यायचं हेही तिथंच ठरलं: ५७ व्या कलमानुसार पुस्तक १ च्या सूच्या फी भरून कुणालाही पाहता येतात, पण मृत्युपत्रांच्या पुस्तकात शोधायचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्यालाच.

१९९० च्या दशकात मी ठाण्यात एका वकिलांच्या ऑफिसात लागले ते सर्च घ्यायला. जमीन किंवा फ्लॅट विकत घेण्याआधी, किंवा बँकेनं कर्ज देण्याआधी, मागच्या तीस वर्षांच्या सूच्या वर्षावार पाहायच्या आणि रिपोर्ट करायचा. तीसच वर्षं का, ते वकीलसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं: १९६३ च्या मुदत कायद्यात गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत ३० वर्षं आहे. त्याआधीच्या १९०८ च्या मुदत कायद्यात ती ६० होती.

सर्च शिकवला तो एका वयस्कर कारकुनांनी. त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. मी थेट रजिस्टर उघडायला निघाले की ते हात आडवा धरत आणि म्हणत, "आधी मला सांग, गाव कोणतं? नंबर जुना की नवा? हिस्सा? मालकाचं आडनाव?" उत्तरं ऐकून ते ठरवत की जायचं कुठल्या सूचीनं. आडनाव पाटील, म्हात्रे किंवा भोईर असेल तर नावाच्या सूचीला ते हातच लावत नसत. आमच्या पट्ट्यात एकेका वर्षाला पाटलांची पानंच्या पानं भरत. त्याऐवजी गावनिहाय मिळकतीची सूची, त्यात सर्व्हे नंबर. पण मालक मुंबईतला एखादा पारशी किंवा भाटिया गृहस्थ असेल तर उलट, आधी नावाची सूची. ते नाव वर्षात एकदाच यायचं आणि लगेच सापडायचं. दस्त गेल्याच महिन्यातला आहे असं कळलं तर काका दोन्ही सूच्या बाजूला ठेवत आणि सरळ पुस्तकाची शेवटची पानं उलटत. "एवढ्याशासाठी सूची कशाला?" असं म्हणत. उत्तनच्या एखाद्या डिसोझाचं नाव शोधायचं तर तेच नाव डिसोजा, डिसूजा, डिसौझा अशा रूपांनी ते सूचीत वेगवेगळ्या जागी पाहून येत.

आणखी एक वाट त्यांनी दाखवली नसती तर मला कळलीच नसती. नोंदणी कायद्याच्या ३० व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानं मुंबईच्या निबंधकाला भारतातल्या कुठल्याही मिळकतीचा दस्त नोंदवता येत असे. भाईंदरच्या जमिनींचे जुने मालक मुंबईत राहणारे, त्यामुळे पुष्कळ दस्त तिथंच नोंदले जात आणि त्यांच्या नकला मागाहून इकडे येत. म्हणून सर्च ठाण्यात घेऊन भागत नसे, मुंबईतही घ्यावा लागे. हे पोटकलम २००१ मध्ये काढून टाकण्यात आलं. पण तोवर एकाच जमिनीची माहिती दोन ठिकाणी होती, आणि शोधणाऱ्यानं दोन्हीकडे जायचं हे त्याला आधी ठाऊक असावं लागे. फाटक्या पानांचं मात्र काका काही करू शकत नसत. एखाद्या वर्षाची सूची जीर्ण असेल तर रिपोर्टमध्ये तसं प्रामाणिकपणे लिहायचं, 'पाने फाटलेली', आणि पुढच्या वर्षाकडे वळायचं.

आता आमच्या गावाविषयी. भाईंदर, मिरे आणि घोडबंदर ही गावं सरकारनं १८७० मध्ये रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्यानं दिली होती. खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवावं आणि जमीन लागवडीला आणावी हा त्यामागचा हेतू. त्या पट्ट्यातून पुढे कोणाचे हक्क कुठवर, यावरून जे वाद उभे राहिले त्यांचे कागद मी स्वतः हाताळले आहेत. त्यात न शिरता इथं एवढंच सांगते की शंभर वर्षं या जमिनीवर भात, गवत आणि मीठ पिकत होतं. नवघरचा एखादा सर्व्हे नंबर घेतला तर तीस वर्षांत त्याच्यावर दोन-चार नोंदी सापडायच्या. एक वाटपपत्र, एक गहाण, त्याची फेड, कधी एखादी विक्री. मिळकतीची सूची म्हणजे अशा जमिनीचा पत्ता अचूक सांगणारी वही.

मग गाव बदललं. भाईंदर, मिरे, काशी, नवघर, घोडबंदर या ग्रामपंचायती मिळून १२ जून १९८५ रोजी मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. मुंबईत घर न परवडणारी माणसं पश्चिम रेल्वेच्या लोकलनं दहिसरच्या पुढे येऊ लागली. शांतीनगर उठलं, नयानगर उठलं. भाईंदर पूर्वेला नवघर रोड, बी. पी. रोड, गोडदेव, खारीगाव यांच्यात मोकळी जागा उरली नाही. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. २००१ मध्ये ती ५ लाख २० हजारांच्या पुढे गेली आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांच्या पुढे. महाराष्ट्रात फ्लॅटच्या मालकीविषयीचा कायदा १९६३ चा. त्याच्या चौथ्या कलमानुसार बिल्डरनं घेणाऱ्याशी लेखी करार करून तो नोंदवायचा. म्हणजे जिथं एका शेताचा एक दस्त होत होता तिथं आता दर फ्लॅटमागे एक दस्त, मग पुनर्विक्रीचा दुसरा, गहाणाचा तिसरा. आणि या सगळ्यांच्या 'भूमापन' रकान्यात तोच जुना सर्व्हे नंबर.

माझ्या डोळ्यांसमोर मिळकतीची सूची निकामी होत गेली. तिच्यात चूक एकही नव्हती. कारकून नोंदी तितक्याच निष्ठेनं करत होते. पण जो नंबर पूर्वी दोन-चार दस्तांकडे बोट दाखवायचा तो आता शेकडो, पुढे हजारो दस्तांकडे दाखवू लागला. सूचीत नंबर लगेच सापडे, आणि मग खरी चाळणी सुरू होई: कुठली बिल्डिंग, कुठली विंग, कितवा मजला. नव्या मोजणीत नंबर बदलले होते, त्यामुळे इथल्या करारनाम्याच्या परिशिष्टात 'जुना सर्व्हे नंबर अमुक, नवा सर्व्हे नंबर तमुक, हिस्सा नंबर' असं सगळं लिहायची रीतच पडली. कुणी जुना लिहिला, कुणी नवा, कुणी दोन्ही. काकांना दोन्ही नंबर तोंडपाठ असत. २००२ मध्ये 'सरिता' ही संगणकप्रणाली आली आणि नोंदणी संगणकावर गेली, २०१२ मध्ये 'आय-सरिता' आली. २००२ पासूनच्या सूच्या पडद्यावर आल्या. त्या सुमारास मी संध्याकाळच्या क्लासला जाऊन ओरॅकल ही डेटाबेस प्रणाली शिकले आणि वकिलांचं ऑफिस सोडलं.

क्लासमध्ये बी-ट्रीची आकृती फळ्यावर आली तेव्हा मला ती नवी वाटली नाही, पण ती किती अलीकडची आहे याचं आश्चर्य वाटलं. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट हे दोघं सिएटलला बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत होते. मोठ्या सूच्या चुंबकीय डिस्कवर कशा ठेवाव्यात आणि त्यांत सतत भर पडत असताना त्या सुव्यवस्थित कशा राहाव्यात, याचं उत्तर त्यांनी १९७० मध्ये बी-ट्रीच्या रूपानं मांडलं. ते १९७२ मध्ये छापून आलं. कागदी सूचीची मोठी अडचण अशी की 'न' या अक्षराची पानं भरली की पुढे जागा नसते आणि मग पुरवणी जोडावी लागते. बी-ट्रीमध्ये भरलेलं पान दुभंगतं, निम्म्या नोंदी नव्या पानावर जातात, आणि वरच्या पानात तशी खूण होते. एका पानावर ३०० खुणा मावतात असं धरा. तीन पायऱ्यांत ३०० गुणिले ३०० गुणिले ३००, म्हणजे २ कोटी ७० लाख नोंदींपर्यंत पोचता येतं. २०११ च्या जनगणनेतल्या मीरा-भाईंदरच्या माणसागणिक तीस नोंदी धरल्या तरी तीन पानं उघडून हवी ती नोंद हाती येते. आणि सर्वांत खालच्या पानावर काय लिहिलेलं असतं? पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत दोन आकडे असतात: टेबलाचं कितवं पान, आणि त्या पानावरची कितवी जागा. खंड व पृष्ठ.

त्याच १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेतून एडगर कॉड यांचा रिलेशनल पद्धतीवरचा निबंध आला. त्याचं मोठं आश्वासन असं होतं की विचारणाऱ्यानं काय हवंय एवढंच सांगावं, कुठल्या वाटेनं जायचं ते यंत्र ठरवेल. आता यंत्राला काका हवे होते. ते १९७९ मध्ये मिळाले. आयबीएमच्याच पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिस्टिम आर या प्रकल्पासाठी वाट निवडायची रीत लिहिली: टेबल किती मोठं, कुठल्या रकान्यात वेगवेगळी मूल्यं किती, अटीत बसणाऱ्या ओळी साधारण किती निघतील, मग दर वाटेचा खर्च काढायचा आणि स्वस्त वाट घ्यायची. आकडेवारी हाताशी नसेल तेव्हा धरायचे अंदाजही त्यांनी देऊन ठेवले. 'बरोबर अमुक' अशी अट असेल तर दहातली एक ओळ, 'अमुकपेक्षा जास्त' असेल तर तिनातली एक. तो निबंध वाचताना मला ठाण्याचं ते ऑफिस दिसत होतं. पाटील म्हटल्यावर नावाची सूची मिटवणं आणि भाटिया म्हटल्यावर उघडणं हाच तो हिशोब. फरक इतकाच की काकांच्या डोक्यातली आकडेवारी रोज ताजी होत होती. यंत्राची ताजी राहते ना, ते आपल्याला पाहावं लागतं.

बँकेतल्या एका संथ क्वेरीनं, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नानं, हे मला पुरतं पटवलं. एखाद्या जमिनीवर कोर्टात वाद उभा राहिला की वरून विचारणा येते: या सर्व्हे नंबरवरच्या इमारतींमध्ये आपली गहाणं किती, थकीत किती. वसईकडच्या गावांसाठी उत्तर क्षणात यायचं. नवघरसाठी विचारलं की पडदा मिनिटंच्या मिनिटं गोठून राहायचा. सगळ्यांचा सल्ला एकच, "मॅडम, इंडेक्स लावून टाका." इंडेक्स होताच. गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा याच क्रमानं होता, आणि यंत्र तो वापरत होतं.

अशा वेळी आधी यंत्राची योजना वाचायची असते, कारण मत बनवायच्या आधी पुरावा हवा. पोस्टग्रेसला 'एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ' म्हटलं की ते क्वेरी खरोखर चालवतं आणि दर पायरीला दोन आकडे शेजारी ठेवतं: किती ओळी येतील असं वाटलं होतं, आणि किती आल्या. पुष्कळजण पहिल्यांदा वेळेचा आकडा पाहतात. मी आधी हे दोन आकडे पाहते, आणि जिथं ते पहिल्यांदा एकमेकांपासून फार लांब जातात तिथं थांबते. इथं सर्वांत आतल्या पायरीवरच अंदाज होता डझनभर ओळींचा आणि आल्या होत्या कित्येक हजार. डझनभर ओळी येणार असं समजून यंत्रानं नेस्टेड लूपची वाट धरली होती: इकडची एक ओळ घ्यायची, तिच्यासाठी गहाणांच्या टेबलात इंडेक्सनं जायचं, परत यायचं, दुसरी घ्यायची. बारा वेळा जायचं असेल तर याहून चांगली वाट नाही. हजारो वेळा जायचं असेल तर दोन्ही टेबलं एकदाच सलग वाचून जुळवणं कितीतरी स्वस्त. क्वेरी इंडेक्स न वापरल्यानं संथ नव्हती, वापरल्यानं होती.

अंदाज चुकायला दोन कारणं सापडली, आणि दोन्ही आमच्या गावच्या इतिहासातली निघाली. पहिलं असं की यंत्र दर रकान्याचा हिशोब स्वतंत्रपणे करतं आणि मग गुणाकार करतं. त्या क्वेरीत गाव नवघर ही अट होती आणि पिनकोड ४०११०५ ही पण होती. समजा दहातल्या एका ओळीचं गाव नवघर आहे, आणि दहातल्या एका ओळीचा तो पिनकोड आहे. यंत्र म्हणतं, दोन्ही मिळून शंभरातली एक. पण त्या बहुतेक ओळी त्याच आहेत! त्यात सर्व्हे नंबर आणि हिस्सा यांचा गुणाकार झाला की हजारांचे डझनभर होतात. पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, हे रकाने एकमेकांशी बांधलेले आहेत असं यंत्राला सांगता येतं, त्यांची एकत्रित आकडेवारी घेता येते. ती घेतली.

दुसरं कारण आकडेवारीच्या शिळेपणाचं. पोस्टग्रेस आपण होऊन आकडेवारी नव्यानं घेतं, पण मूळ सेटिंगमध्ये टेबलातल्या साधारण दहा टक्के ओळी बदलल्यावर. एक कोटी ओळींच्या टेबलात म्हणजे दहा लाख. नवघरला एक नवी स्कीम उभी राहते, शे-दोनशे कर्जं होतात, त्यांच्या हप्त्यांच्या, विम्याच्या, मूल्यांकनाच्या नोंदी येतात. त्या सर्व्हे नंबरचं चित्र पालटतं, आणि टेबलाच्या हिशोबात तो बदल नगण्य असतो. महिनाअखेरची भरती झाली की आकडेवारी घ्यायचीच असं मी लावून दिलं, आणि सर्व्हे नंबरच्या रकान्यासाठी नमुना मोठा घ्यायला सांगितलं. मूळ मर्यादा १०० नेहमीच्या मूल्यांची असते, आमच्या गावाला ती पुरत नाही. योजना बदलली, यंत्रानं दोन्ही टेबलं सलग वाचली, आणि उत्तर काही सेकंदांत आलं.

याच कामात आणखी एक दुखणं हाती लागलं, ते आपल्या लिपीचं. सर्व्हे नंबर मजकूर म्हणून ठेवलेले. कुणी '६७/१' देवनागरी आकड्यांत भरलेला, कुणी इंग्रजी आकड्यांत. माणसाला एकच, यंत्राला दोन. नावांमध्ये तर डोळ्यांनाही फरक दिसत नव्हता. कुऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातला तो अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो: ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही कुऱ्हाडेच. शोधायला गेलं की निम्मे कुऱ्हाडे सापडत नाहीत. मग कुणीतरी क्वेरीत नावाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावतो, म्हणजे 'कुठंही ही अक्षरं असलेलं नाव', आणि साधा इंडेक्स तिथंच हात टेकतो, कारण सुरुवात माहीत नसेल तर क्रमानं लावलेल्या सूचीत शिरायचं कुठून? लोक मग इंडेक्सला दोष देतात. आम्ही नावाचं आणि नंबरचं एकसारखं केलेलं रूप वेगळ्या रकान्यात ठेवलं, इंडेक्स त्याच्यावर लावला, आणि कागदावर जे जसं होतं ते मूळ रकान्यात तसंच राहू दिलं. मूळ नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार आपला नाही, हे सर्चच्या कामानं अंगात भिनवलेलं आहे.

नवी मुलं इंडेक्स वाढवत जातात त्याचा मला त्रास होतो, आणि तो मी बोलून दाखवते. दर इंडेक्स म्हणजे दर नोंदीमागे एक जादा लेखन, जागा, देखभाल. कोणता इंडेक्स किती वेळा वापरला गेला हे पोस्टग्रेस मोजून ठेवतं. आमच्या एका टेबलावर शून्य वेळा वापरलेले कितीतरी निघाले. तरीही शून्य दिसलं म्हणून उडवायचा नाही. वर्षातून एकदा ऑडिटला लागणारा इंडेक्स अकरा महिने शून्यच दाखवतो. मी एक वही ठेवली आहे. त्यात दर इंडेक्ससमोर तो कुणाच्या कोणत्या प्रश्नासाठी केला ते लिहिलेलं असतं. प्रश्न विचारणारा विभागच बंद झाला तर इंडेक्स जातो.

जुन्या-नव्या नंबरांसाठी आम्ही शेवटी वेगळं टेबल केलं: गाव, जुना सर्व्हे व हिस्सा, नवा सर्व्हे व हिस्सा. ते भरायला भूमी अभिलेखचे कागद आणि जमिनीच्या नोंदीतले बदल दाखवणारी कमी-जास्त पत्रकं लागली. आता जमिनीच्या दर तुकड्याला चौदा अक्षरी एकच क्रमांक द्यायची योजना केंद्र सरकारनं २०२१ पासून हाती घेतली आहे. ती चांगली आहे, पण तो क्रमांक जमिनीचा. सातव्या मजल्यावरच्या घराला अजूनही आपली अशी खूण नाही. त्याला बिल्डिंगचं नाव, विंग आणि फ्लॅट नंबर यांवरच शोधावं लागतं, आणि बिल्डिंगचं नाव सोसायटी झाल्यावर बदलतं.

२००२ अधिक ३० म्हणजे २०३२. त्या वर्षापासून तीस वर्षांचा सर्च पूर्णपणे संगणकात बसेल आणि त्याआधीच्या हस्तलिखित सूच्या रोजच्या कामातून जातील. पण १८७० च्या पट्ट्यातून आलेले हक्क तीस वर्षांत मावत नाहीत. त्यांचा माग काढायला याच वह्या लागतील. नवघर, गोडदेव, खारी, पेणकरपाडा, महाजनवाडी या गावांच्या सूच्या जुन्या नंबरांसकट, जशा लिहिल्यात तशा, टाइप करून घ्यायला हव्यात. नुसती छायाचित्रं काढून भागणार नाही, कारण छायाचित्रात शोधता येत नाही. त्यातलं मोडी वळणाचं अक्षर, 'सदर'च्या खुणा आणि समासातल्या दुरुस्त्या वाचू शकणारे सर्च क्लार्क ठाण्यात अजून आहेत, त्यांतले काही निवृत्त झालेत, आणि हे काम त्यांना शेजारी बसवूनच होईल.